सदतीस पॉइंट नऊ

आधी रक्त द्यायचं, मग सकाळची गोळी.
हे लेओन्सला माझ्याआधी आठवतं.
तो डबीतला मंगळवारचा कप्पा काढून खिशात ठेवतो
आणि हॅलिफॅक्सच्या मीठ टाकलेल्या फुटपाथवरून
माझ्या अर्धं पाऊल मागे चालतो.
पडलेच तर धरायला.

काडीमोड होऊन सहा वर्षं झाली आम्हाला.
हॉस्पिटलच्या फॉर्मवर होतं:
चोवीस तास सोबत राहणारी व्यक्ती, शंभर दिवस.
बहिणीची पाठ गेलेली,
मुलगी अल्बर्टात, पदरात तान्हं.
त्यानं आपणहून फोन केला.
म्हणाला, लॉबस्टरचा हंगाम मेच्या आधी नाही,
होडी ओढून वर ठेवलीय, रिकामाच आहे.
नात्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं: शेजारी.

क्लिनिकमध्ये आम्ही एकमेकांना दिवसांनी ओळखतो.
खिडकीपाशी एकोणनव्वद, त्याचे बूट सतत हलतात.
चौतीस कागदी पिशवीत ओकते
आणि दर वेळी सगळ्यांची माफी मागते.
मी आज बासष्ट.
नर्स मॉर्ना मॅग्नेशियमची पिशवी टांगते,
दोन तास, थेंब थेंब.
बाराला टेकडीवरच्या किल्ल्यातली तोफ उडते.
नवे दचकतात.
आम्ही घड्याळ लावून घेतो.

रक्ताचा गट बदलतोय माझा.
ओ होता, ए व्हायला लागलाय.
जर्मनीतला कुणी मुलगा, वय चोवीस,
एवढंच कळलंय. नाव वर्षानं,
तेही तो हो म्हणाला तर.
माझ्या हाडांत राहायला आलाय,
सामान लावतोय,
मधूनच माझ्या कातडीशी भांडण उकरून काढतो.
मग तळहात लाल होतात.
लेओन्स म्हणतो, भाडेकरू बरा आहे,
जरा गरम डोक्याचा.

तो सफरचंद सोलतो. साल फार जाड काढतो.
वहीत लिहितो: ताप, वजन, पाणी किती, शौचाला किती वेळा,
तळहात कालपेक्षा फिके, बहुतेक.
सव्वीस वर्षांच्या संसारात
या माणसाला माझ्या चष्म्याचा रंग सांगता आला नसता.
आता त्याला माहीत आहे
की सूप मला नाण्यांसारखं लागतं,
की पहाटे तीनला माझ्या पोटऱ्यांत गोळे येतात.
राग येतो मला.
खरं सांगते, कृतज्ञता वगैरे नंतर,
आधी राग.
एवढं सगळं येत होतं तुला,
तर ठेवलं कुठे होतंस?

काल रात्री अकराला
सदतीस पॉइंट नऊ.
अडतीसला फोन करायचा.
अडतीस म्हणजे बॅग, टॅक्सी, सहावा मजला,
आतून न उघडणारी खिडकी.
मध्ये फक्त एक दशांश.
लॉजच्या स्वयंपाकघरात बसलो समोरासमोर,
दर पंधरा मिनिटांनी जिभेखाली थर्मामीटर,
त्यामुळे मला बोलता येत नव्हतं
आणि बोलावं लागलं त्याला.

म्हणाला, शेटिकँपला,
मे-जूनमध्ये पिंजरे ओढताना,
सात वीसला तुझी बस दिसायची पाण्यावरून.
पिवळी. चर्चच्या वळणावर हळू व्हायची.
गेल्या जूनमध्ये एक दिवस दिसली, पण वळणावर हळू झाली नाही.
दुसऱ्या दिवशीही तसंच.
कुणी सांगायच्या आधी कळलं मला, एल्मीर,
की चालवणारी तू नाहीस.

थर्मामीटर वाजलं.
पुन्हा तेच, पॉइंट नऊ.
मी काहीच म्हटलं नाही.
फ्रिज घरघरत राहिला.
साडेबाराला पॉइंट सात,
त्यानं सातच्या खाली दोनदा रेघ मारली,
पेनाचं टोपण लावलं
आणि भांडी विसळायला उठला,
धुतलेलीच.

आज मॉर्नानं विचारलं, रात्र कशी गेली?
लिहिलंय, म्हणत त्यानं वही पुढे केली.
मी तिच्या खांद्यावरून वाचलं.
सगळं होतं, वेळेसकट.
बसचं नव्हतं.